पिंपाकडे बोलत जावं

मंगळवारी दुपारी पापा गॅरेजमध्ये पांढऱ्या बादलीवर वाकून शिळ्या डोनटांवर काकवी ओतत होते आणि मी दारात उभी होते. ऑगस्ट संपत आला होता. अस्वलाच्या शिकारीचा हंगाम येत्या सोमवारी उघडणार होता.

"अशी लांबून काय बघतेस? वास घे."

मी दोन पावलं पुढे गेले. तळणीचं जुनं तेल, काकवी, साखर, आणि या सगळ्यावर बडीशेपेच्या तेलाचे चार थेंब.

"छान आहे," मी म्हणाले.

"छान नकोय. छान वास नाकापाशी थांबतो. हा टेकडी ओलांडून जायला हवा."

"समोरचे फिलियासकाका मांस घालायचे ना?"

"फिलियासला नाक कुठाय? मांस दोन दिवसांत किडतं, तिसऱ्या दिवशी अस्वल तोंड फिरवतं. गोडाचा कंटाळा कुणाला येत नाही. स्वतःचंच बघ." सकाळी माझ्या धिरड्यांवर याच बाटलीतली काकवी पडली होती.

"मग चॉकलेट घाला."

"त्याचं नाव काढायचं नाही. ते त्यांना विषासारखं बाधतं. जनावराला मारायचं तर समोरून मारावं, पोटातून नाही."

मी नऊ वर्षांची असल्यापासून ते मला हे असं शिकवत आले होते. रोज चार वाजता जंगलातल्या झाडाला बांधलेल्या पिंपात हे आमिष टाकायला जायचं. तेच बूट, तीच पायवाट. आणि पिंपाकडे नेहमी मोठ्यानं बोलत जायचं. आपण येतोय हे कळलं की अस्वल बाजूला होतं, आपण गेलो की खायला येतं. चोरपावलांनी जाणाऱ्याची एक ना एक दिवस त्याच्याशी समोरासमोर गाठ पडते.

"यंदाचा पाहुणा मात्र वेगळाच आहे," पापा म्हणाले. "पहिला आठवडा माझा आवाज ऐकून पळायचा. आता पळत नाही. उलट आवाज ऐकून येतो आणि चाळीस पावलांवर झाडीत बसून राहतो. मी वळलो की पानावर हजर."

"तुम्हाला दिसतो?"

"कान दिसतात."

"आणि तुम्ही बोलता काय त्याच्याशी?"

"ते आमचं आमचं." त्यांनी बादलीवर झाकण दाबलं. "येतेस का आज? ऐकशील."

चाळीस पावलं. मी बँगोर शहरात शिकवते, तिथल्या माझ्या वर्गाच्या फळ्यापासून व्हरांड्याच्या टोकाला तेवढी होतात. मी दोन पावलं परत मागे आले.

"डोकं दुखतंय, पापा. उद्या येईन."

"गोळी घे मग. पुस्तकं वाचून दुखतं ते."

सव्वापाचला ते परतले, चार धिरडी खाल्ली, पाचवं माझ्या ताटातलं पळवलं आणि खुर्चीतच झोपले. एवढंच झालं त्या दिवशी.

बुधवारी बादली उचलताना त्यांनी विचारलं, "डोकं कसं आहे?"

"अजून दुखतंय."

"बरं," ते म्हणाले आणि गेले.

सहा वाजले तरी ते आले नाहीत. मी समोरच्या घरातल्या फिलियासकाकांना हाक मारली. कंबरेमुळे त्यांना जंगलात चालवत नाही, म्हणून त्यांनी वनरक्षकाला फोन लावला. वनरक्षकाला पापा पिंपाच्या झाडाशी टेकलेले सापडले. हृदय बंद पडलं होतं. लगेच नाही, डॉक्टर म्हणाले. जीव जायला तास-दीड तास लागला असावा. कुणी सोबत असतं तर, असं ते बोलू लागले आणि माझ्याकडे बघून थांबले.

अस्वलानं त्यांना स्पर्शही केला नव्हता. बादली मात्र त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर होती आणि आतून चाटून लख्ख केलेली होती.

शनिवारी दफन झालं. रविवारी जेवणानंतर फिलियासकाका स्वयंपाकघरात आले आणि टोपी हातात फिरवत उभे राहिले.

"उद्या हंगाम उघडतोय, पोरी. ते पिंप काढायला हवं. झाडावर तुझ्या बापाच्या, अल्सिदच्या नावाची पाटी आहे. अस्वल सवयीनं येणार आणि कुणीतरी आयतं येऊन अल्सिदच्या मचाणावर बसणार. मी माणूस बघतो."

"मी जाते," मी म्हणाले.

"तू?" त्यांनी माझ्या चपलांकडे पाहिलं. "वाट आठवते का?"

वाट आठवत होती, तीच तर भीती होती. पण ज्या जागी जायला मी दोनदा नाही म्हणाले, तिथे त्यांच्या नावाखाली दुसऱ्या कुणी गोळी झाडावी हे मला सहन होईना.

काकांनी लाकूडतोडीच्या रस्त्याकडेला गाडी उभी केली तेव्हा साडेतीन वाजले होते. मी मांडीवर पाना घेऊन बसून राहिले. शेवटी दार उघडलं तेव्हा चारला दहा कमी होते.

"बोलत जा," ते म्हणाले.

"काय बोलू?"

"काहीही. हवेचं बोल. बटाट्याचा भाव बोल. अल्सिद तर…" ते अडखळले.

"पापा तर काय?"

"काही नाही. जा. मी आहे इथे. बंदूक आहे, फक्त कंबर नाही."

वीस वर्षं मी मुलांना मोठ्यानं वाचायला शिकवते आहे. त्या वाटेवर माझ्या तोंडून एक अक्षर फुटलं नाही. सुईसारख्या पानांची स्प्रूसची झाडं दोन्ही बाजूंनी इतकी जवळ होती की बाहीला घासत होती. दर चार पावलांवर मी थांबून ऐकत होते आणि प्रत्येक वेळी माझंच रक्त कानात ऐकू येत होतं. एकदा खारीनं फांदी हलवली तेव्हा माझ्या हातून पाना पडला. मला परत फिरायचं होतं. परत फिरायला त्या झाडीला पाठ दाखवावी लागली असती, म्हणून मी पुढे गेले.

पिंप होतं तिथेच होतं, साखळीनं झाडाला आवळलेलं. भोवतालची माती तुडवून गुळगुळीत झाली होती. वर पाटी होती, पापांच्या अक्षरातली: अल्सिद ऊएलेट. खाली झाडाच्या बुंध्याशी गवत एका बाजूला दबलेलं होतं. मी तिकडे बघितलं नाही.

आधी पाटी काढून खिशात घातली. साखळीचा नट गंजला होता. पाना पुन्हा पुन्हा निसटत होता. किती वेळ गेला कळलं नाही. रस्त्यावर फिलियासकाकांना मात्र तो फार वाटला असावा, कारण त्यांनी तिथून खच्चून हाक मारली:

"नोएलाऽऽ!"

झाडीत काहीतरी उठलं.

ते पळालं नाही. फांद्या एकेक करून बाजूला होत गेल्या, सावकाश, आणि तो बाहेर आला. काळा, नाकाड तेवढं तपकिरी. जेवायला हाक आल्यावर घरातलं माणूस येतं तसा आला आणि खाली बसला. चाळीस पावलं नव्हती. वीसही नसतील. तो माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हता, माझ्या हातांकडे बघत होता. बादली शोधत होता.

तेव्हा मला काकांचं अर्धं राहिलेलं वाक्य कळलं. बादली वाजली म्हणून नव्हे, काकवीच्या वासानंही नव्हे, तो माझं नाव ऐकून आला होता. तीन आठवडे रोज चार वाजता पापा या वाटेनं माझं नाव घेत, माझ्याशी बोलत येत होते. मी घरी बसले होते तेव्हाही.

पळू नकोस, पाठ दाखवू नकोस, बोल. त्यांनी शिकवलेलं तेवढंच उरलं होतं. मी तोंड उघडलं, पहिल्यांदा नुसती हवा आली. तो पुढे झुकला. एक पाऊल पुढे आला.

"पापा," मी म्हणाले. आवाज माझा वाटत नव्हता. त्याचे कान उभे राहिले. मी आणखी मोठ्यानं म्हणाले, "पापा, माझं डोकं दुखत नव्हतं. मंगळवारी नाही आणि बुधवारीही नाही. मला भीती वाटत होती. नऊ वर्षांची होते तेव्हापासून, दरवर्षी, या वाटेवर प्रत्येक वेळी वाटत आली. तुम्हाला ती कळू नये म्हणून मी खोटं बोलले. भीती वाटते एवढं म्हटलं असतं, तर तुम्ही हसला असता, आणि मी आले असते."