अर्धा अँपिअर

मेकॅनिक रईसने गाडीच्या बॅटरीच्या दोन्ही टोकांना तारा लावल्या आणि आकडा दिसावा म्हणून मीटर विश्वनाथरावांकडे वळवला.

"देखिए अंकल. बारह पॉइंट छह."

विश्वनाथरावांनी चष्मा वर सरकवून आकडा वाचला, वहीत लिहिला, शेजारी वेळही लिहिली. दिल्लीतल्या मंत्रालयात बत्तीस वर्षं फायलींवर शेरे मारल्यावर हात असा गप्प बसत नाही. त्यात आज त्यांना कागद हवाच होता. वर घरात नेऊन मुलासमोर ठेवता येईल असा कागद.

"परसों रात भर दुकान पे चार्ज की, फिर पूरा दिन ऐसे ही छोड़ दी," रईस म्हणाला. "जितना दिया उतना पकड़ के बैठी है. बैटरी में कोई ख़राबी नहीं."

"लिखकर दोगे?"

"बैटरी का भी सर्टिफिकेट?" रईस हसला. मग म्हाताऱ्याचा चेहरा बघून त्याने हसू आवरलं. "दे दूँगा."

सतरा दिवसांपूर्वी, शुक्रवारी सकाळी, पत्नी अरुणाताईंच्या छातीत कळ आली तेव्हा विश्वनाथरावांनी त्यांना याच गाडीत बसवलं होतं. किल्ली फिरवली तर नुसती टकटक. कॅब यायला पंचवीस मिनिटं लागली आणि नोएडाचा उड्डाणपूल उतरायच्या आत अरुणाताई गेल्या. थोडं आधी आणलं असतं तर, असं डॉक्टर बोलून गेले. गुरुग्रामहून धावत आलेल्या मानसने नेमकं तेवढंच ऐकलं.

"बॅटरी बदला म्हणून किती वेळा सांगितलं होतं, बाबा?" त्याने तिथेच, सगळ्यांदेखत विचारलं. त्यानंतर तो बापाशी कामापुरतंच बोलत होता.

विश्वनाथराव काटकसरी होते, यात वाद नाही. साबणाची उरलेली चिपटी नव्या वडीला चिकटवणारा माणूस. त्यामुळे खापर फोडायला डोकं शोधावं लागलं नाही. दर रविवारी ते गाडी काढून दहा किलोमीटर फिरवून आणत आणि त्या शुक्रवारपर्यंत ती एकदाही अडली नव्हती, हे आता कुणाला सांगणार आणि कोण ऐकणार?

दहाव्या दिवशी शेजाऱ्याच्या गाडीला तारा जोडून ही चालू केली आणि बापलेक गढमुक्तेश्वरला अस्थी सोडून आले. जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर. पुढे विश्वनाथराव, मांडीवर कलश. वाटेत दोघं चार शब्द बोलले असतील. एवढी चालूनही त्यानंतर पाचव्या दिवशी गाडी पुन्हा ठप्प झाली. मानसने किल्ली टेबलावर टाकली.

"चार्ज धरतच नाही. अजून काय पुरावा हवाय तुम्हाला?"

त्यावरच ते रईसला बोलावून आले होते.

रईसने इंजिन चालू करून पुन्हा मीटर धरला. चौदाच्या वर. बॅटरीला चार्ज नीट मिळत होता. मग त्याने इंजिन बंद केलं, एक तार सोडवली आणि मधे मीटर जोडला. गाडी बंद, दारं बंद. आकडा शून्याजवळ असायला हवा होता.

"आधा अँपिअर," तो म्हणाला. "कोई चीज़ चालू है, अंकल. चुपचाप खाए जा रही है. चार दिन में पूरी बैटरी पी जाएगी."

विश्वनाथरावांनी बोटांवर मोजलं. गाडी शेवटची चालली होती सोमवारी, अडली शुक्रवारी. सोमवार ते शुक्रवार, चार दिवस. तेही त्यांनी लिहून ठेवलं.

रईस एकेक फ्यूज काढून बघू लागला. हॉर्न नाही. पंखा नाही. सातवा फ्यूज उपसला आणि आकडा खाली आला. आतल्या दिव्यांचा. छतावरचा दिवा विझलेला होता, डिकीतलाही. तेव्हा त्याने फ्यूज परत बसवला आणि वाकून डॅशबोर्डच्या कप्प्यावर तळहात ठेवला. झाकण बोटभर उघडंच होतं. भरदिवसा ते कुणाच्या लक्षातही आलं नसतं. त्याने ते उघडलं. आत वाटाण्याएवढा दिवा जळत होता.

"ये रहा. फ़ाइल फँसी है, ढक्कन लगता ही नहीं. बत्ती दिन-रात चालू."

फाइल पिवळी होती. तिच्यावर मानसच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: 'आई – रिपोर्ट. गाडीतून काढू नये.'

त्या सोमवारी रजा काढून मानसच आईला तपासणीला घेऊन गेला होता. परत आल्यावर त्याने ही फाइल कप्प्यात कोंबली. "ऐन वेळी कपाटं उघडत बसू नका," म्हणाला आणि झाकणावर दोन गुद्दे मारले. मागे बसलेल्या अरुणाताईंना बरं वाटलं होतं. किती काळजी घेतो, असं त्या जिना चढताना म्हणाल्या होत्या.

खरं सांगायचं तर विश्वनाथरावांना आधी आनंद झाला. आपण सुटलो, हेच पहिलं मनात आलं. सतरा दिवस छातीवर बसलेला धोंडा उतरला आणि त्यांनी मोकळा श्वास घेतला. दुसऱ्या श्वासाला त्यांना मानसचा चेहरा दिसला, हा कागद वाचतानाचा. तो एकोणचाळीस वर्षांचा होता. ते स्वतः पंचाहत्तर.

"लिख दूँ?" रईसने विचारलं.

"नहीं." त्यांनी वहीतलं पान फाडलं, त्याचे तुकडे करून खिशात घातले. फाइल पिशवीत टाकली. "नई बैटरी लगा दो."

"अंकल, मैंने अभी तो बताया, ये दो साल और चलेगी."

"लगा दो, बेटा. पुरानी ले जाओ."

रईसने एकदा त्या पिशवीकडे पाहिलं. मग आपल्या व्हॅनकडे गेला.

नवी बॅटरी बसत असताना मानस खाली आला. रजेचा त्याचा शेवटचा दिवस होता. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले.

"काय निघालं?"

"बॅटरीच," विश्वनाथराव म्हणाले. "आतून गेली होती."

मानस रईसकडे वळला. "कब से ख़राब थी?"

रईसने पाना फिरवता फिरवता क्षणभर हात थांबवला. "पुरानी थी, साहब," तो मान वर न करता म्हणाला.

"मी सांगत होतो," मानस म्हणाला. आवाज चढला नाही. त्यात थोडीशी सुटका होती, तेवढी बापाला बरोबर ऐकू आली.

"हो. ऐकायला हवं होतं मी."

त्या दुपारी मानस इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवला. सलोनीने तिसरी पोळी वाढली तरी नवऱ्याने नको म्हटलं नाही. विश्वनाथराव समोर बसले होते, त्यांची आमटीची वाटी रिकामी झाली होती. मानसने पातेलं ओढलं, आपल्या वाटीत आमटी घेतली आणि पातेलं पुन्हा आपल्याच बाजूला ठेवलं. विश्वनाथरावांनी उरलेली पोळी कोरडीच खाल्ली.