सैतानाच्या घशात गेलेला प्रश्न

आमचा एवारिस्तो बोलत नाही. मुका नाही, आजारी नाही, नुसता बोलत नाही. त्याचं उभं आयुष्य पवनचक्क्यांच्या शिड्या चढण्यात आणि त्यांचे पंप दुरुस्त करण्यात गेलं. तिथं वर बोलायला असतं कोण? मी त्याची बहीण, तेल्मा. आम्ही दोघंही बिनलग्नाचे, एका घरात राहतो, आणि घरातलं दोघांच्या वाटचं बोलणं मी एकटी बोलते. तेल्माच्या जिभेला हाड नाही, असं गाव म्हणतं. म्हणेना का.

बोलत नाही म्हणून त्याच्या मनात काही नसतं असं नाही. शेजारच्या ओफेलियाचा नवरा वारला, त्याच्या पुढच्या हिवाळ्यापासून हा रोज दुपारी गरम पाण्याचा थर्मास आणि माते नावाच्या कडवट चहाचा तुंबा घेऊन तिच्या परसात जाऊन बसतो. तुंब्यात पाला भरायचा, पाणी ओतायचं, तिच्या हातात द्यायचा. ती नळीनं ओढून रिकामा करून परत देते. मग हा स्वतःसाठी ओततो, मग पुन्हा तिच्यासाठी. दोघांत तुंबा एक, नळी एक, आणि बोलणं जवळजवळ नाहीच. हा तिला 'दोन्या ओफेलिया', म्हणजे ओफेलियाबाई, म्हणतो आणि 'तुम्ही' म्हणतो. तीही याला 'तुम्ही'च म्हणते. दोघांचे केस पांढरे झाले तरी ते 'तुम्ही' काही सुटलं नव्हतं.

त्यात ओफेलियाच्या मुलीनं, नोएमीनं, दक्षिणेतून निरोपांचा सपाटा लावला. आईनं आता एकटं राहू नये, तिकडे कोमोदोरोला कायमचं यावं. सामान न्यायला ट्रकसुद्धा ठरवून टाकला. ओफेलिया हो म्हणेना, नाही म्हणेना. सहलीहून परत येताना कळवते, एवढंच तिनं मुलीला सांगितलं होतं. आणि मला तर स्पष्ट दिसत होतं की ओफेलिया गेली तर हा माणूस उभ्या उभ्या वाळून जाईल.

सहल होती आमच्या पेन्शनरांच्या क्लबाची, इग्वासूचे धबधबे बघायला. क्लबाची सगळी सूत्रं पोचाच्या हातात. हिचा आवाज कारखान्याच्या भोंग्यासारखा आहे. मी तिच्याकडे तिघांचीही नावं देऊन आले आणि घरी येऊन एवारिस्तोला सांगितलं, की धबधब्यापाशी तिला विचार, थांबता का म्हणून.

तो एक नट फडक्यानं पुसत होता. बराच वेळ पुसला.

"धबधब्यापाशीच का?"

"कारण तिथं ती पाण्याकडे बघत असेल, तुझ्या तोंडाकडे नाही. तुला सोपं जाईल."

त्याला ते पटलं. मलाही पटलं होतं. अक्कल काही कुणाची मिरास नाही, पण त्या दिवशी ती आमच्या घराकडे फिरकली नसावी.

आमच्या सपाट मुलखातून बस निघाली. कोरिएन्तेस मागे पडलं आणि दुसऱ्या दिवशी माती लाल झाली, इतकी लाल की चपला, मोजे, पोचाची पांढरी विजार, सगळ्यांना तिचा रंग चढला. लापाचोची झाडं पान न् पान झाडून गुलाबी फुलली होती. सान इग्नासिओला जुन्या चर्चच्या पडक्या भिंती बघून आम्ही सावलीत बाकांवर टेकलो. एवारिस्तोनं तुंबा फिरवायला घेतला. तेवढ्यात पाठीवर भलंमोठं ओझं घेतलेला एक उंच जर्मन तरुण येऊन आमच्या बाकाच्या टोकाला बसला. बसला म्हणजे आमच्यातला झाला. एवारिस्तोनं त्यालाही तुंबा दिला. त्यानं शेवटपर्यंत ओढला, छातीवर हात ठेवला आणि मोठ्या अदबीनं आभार मानले, "ग्रासियास."

झालं. पुढच्या फेरीत तुंबा त्याला वगळून गेला, त्याच्या पुढच्या फेरीतही. बिचारा दुसऱ्याच्या पंगतीकडे बघावं तसा बघत राहिला. शेवटी ओफेलियालाच दया आली. तिनं त्याला समजावलं, की बाळा, तुंबा परत देताना गप्प राहायचं. 'ग्रासियास' म्हटलं की त्याचा अर्थ पुरे, आता मला नको. ते शेवटी म्हणायचं असतं, अगदी पोट भरल्यावर. जर्मन कानापर्यंत लाल झाला, सगळे हसले, आणि एवारिस्तोनं त्याला नव्यानं ओतून दिलं.

दुसऱ्या दिवशी धबधबा. अरण्यातून छोट्या आगगाडीनं गेलो, मग नदीवरच्या लोखंडी पुलावरून चालत. वाटेत एका कोआतीनं पोचाच्या हातातलं सँडविच पळवलं आणि ते लांब नाकाचं जनावर तिच्याच समोर बसून चवीनं खाऊ लागलं. पोचानं त्याला ज्या शिव्या घातल्या त्या लिहिण्याजोग्या नाहीत. पुलाखालची नदी पसरट, संथ, वाटावं की हिला कुठं जायचीच इच्छा नाही. आणि मग एकदम तळ सुटतो. त्या जागेला सैतानाचा घसा म्हणतात. सगळी नदीच्या नदी त्यात कोसळते आणि खालून धुरासारखे तुषार वर येतात.

एवारिस्तो कठड्याला धरून उभा राहिला. जन्मभर ज्यानं जमिनीच्या पोटातून ओंजळ ओंजळ पाणी वर काढलं, गाई तहानेनं मरू नयेत म्हणून भर उन्हात शिड्या चढला, त्यानं ते पाणी बघितलं. माझ्या कानाला तोंड लावून तो म्हणाला, "काय ही नासाडी." पण डोळे त्याचे भरले होते.

मी शहाण्यासारखी मागे सरकले. ओफेलिया कठड्याशी, तो तिच्या शेजारी. त्यानं टोपी काढली. थर्मासमधून तुंब्यात पाणी ओतलं, आणि त्याचे ओठ हलायला लागले. हलतच राहिले. बाई गं, एवढं तर तो साऱ्या आयुष्यात बोलला नसेल. मग त्यानं तुंबा तिच्या हातात दिला. तिनं पाण्यावरची नजर न काढता तो ओढला. चेहरा चिंब झाला होता. तुंबा परत देताना तिनं त्याच्याकडे वळून बघितलं, हसली, आणि तिचे ओठ मला एवढ्या लांबूनही वाचता आले. "ग्रासियास."

एवारिस्तोनं थर्मासचं झाकण घट्ट लावलं आणि टोपी घातली.

जेवणाच्या वेळी त्यानं एम्पानादांना, म्हणजे सारणाच्या करंज्यांना, हातही लावला नाही. मी त्याला झाडामागे गाठलं आणि काय म्हणाली ते विचारलं.

"पुरे म्हणाली," तो म्हणाला. आणि नंतर, मी न विचारता, "तिचं बरोबर आहे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं माझ्या भावाच्या हातचं प्यायली, आणि उत्तर द्यायचं तर असं, परक्या जर्मनासारखं? संध्याकाळी हॉटेलच्या अंगणात ओफेलिया मोजे धुऊन वाळत घालत होती. मी सरळ जाऊन तिच्यावर तोफ डागली. नको असेल तर नको म्हण, पण माणसासारखं बोलून तरी म्हण, असं आणि अजून बरंच. ती ओला मोजा हातात घेऊन वळली.

"त्यांनी विचारलं? काय विचारलं?"

"थांबता का म्हणून. धबधब्यापाशी," मी म्हटलं.

"तेल्मा, तिथं मला माझंच नाव ऐकू आलं नसतं. मला वाटलं, ते पंपांबद्दल सांगताहेत. इतकं पाणी बघून त्यांना पंप आठवले असतील."

"आणि ग्रासियास?"

"ते त्यांना म्हटलं. इथवर आणलंत म्हणून, इतकी वर्षं आलात म्हणून." ती अंगणातल्या बाकड्यावर बसली. "माझ्या हातात तुंबा आहे हेच मी विसरले."

जर्मनाला शहाणपण शिकवणारी हीच बाई! मी कपाळाला हात लावला. ती हसायला लागली, मलाही हसू आवरेना. उभ्या आर्जेन्टिनात बोललेलं ऐकू येणार नाही अशी एक जागा, आणि माझ्या भावानं नेमकी तीच निवडली. म्हणजे, मी निवडून दिली.

खोटं कशाला सांगू, हसता हसता एक विचार मनात येऊन गेला. राहू दे हा घोटाळा असाच. हा कुंपणापलीकडे राहायला गेला तर आमच्या घरात मी आणि माझी जीभ, दोघीच उरू. पण त्यानं न खाल्लेलं जेवण मला आठवलं आणि माझी मलाच लाज वाटली. मी म्हटलं, थांब, आत्ता जाऊन त्याला सांगते. ओफेलियानं माझं मनगट धरलं.

"नको. तू काही सांगायचं नाहीस."

"का पण? एका वाक्याचं काम आहे."

"माझ्या नवऱ्यानं मला माझ्या वडिलांमार्फत विचारलं होतं. होकारही वडिलांनीच दिला. मला स्वयंपाकघरात येऊन कळवलं फक्त." ती मोजा पिळत म्हणाली. "या खेपेला मला माझ्या कानांनी ऐकायचंय. माझ्यासाठी एवढं तोंड धरून ठेव."

मी शब्द दिला. कुणालाही विचारा, मला याहून अवघड काम देता आलं नसतं. रात्रीच्या जेवणाला समोर एवारिस्तो सुतकी चेहऱ्यानं बसलेला, आणि मी पावाचे तुकडे मोडत गप्प. पोचानं दोनदा माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

सकाळी परतीची बस निघाली. एवारिस्तो खिडकीशी, थर्मास पायांत, झाकण लावलेलं. सगळ्या बसमध्ये तुंबे फिरत होते, याचा तेवढा कोरडा. मी त्याच्या शेजारी बसले होते. ओफेलिया मधल्या वाटेतून आली, म्हणाली, "ऊठ, तेल्मा." मी उठून मागच्या बाकावर गेले. तिनं वाकून त्याच्या पायांतला थर्मास उचलला, त्याच्या पिशवीतून त्याचा तुंबा काढला आणि पाला भरायला लागली.

बायकोनंही नवऱ्याचा थर्मास असा न विचारता घेऊ नये, तर ही शेजारीण. पहिला तुंबा मूर्खाचा म्हणतात, कडूजहर असतो आणि बनवणाऱ्यानंच प्यायचा असतो. तो तिनं तोंड वाकडं न करता प्यायला. दुसरा त्याला दिला. त्यानं ओढला आणि परत दिला, एक शब्द न बोलता. मग तिचा, मग पुन्हा त्याचा. एल्दोरादो गेलं, मोंतेकार्लो गेलं, तुंबा चाललाच होता. पुढे पोचानं रेडिओवर चामामे लावलेला, अकॉर्डियनचा गलका, मध्येच कुणी म्हातारा हौसेनं लांब आरोळी ठोकायचा. ओफेलिया कशाची तरी वाट बघत असल्यासारखी शांत होती.

मग रस्त्यावर तपासणीचं नाकं आलं. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, त्याबरोबर रेडिओही बंद पडला. बसमध्ये अचानक शांतता झाली.

"काल तुम्ही काय म्हणालात," ओफेलिया म्हणाली, "ते मला ऐकू आलं नाही. एक शब्दसुद्धा नाही."

एवारिस्तोनं मान वळवली. "पण तुम्ही ग्रासियास म्हणालात."

"ते पाणी दाखवलंत म्हणून म्हटलं. तुंब्याचं नव्हतं ते."

मी दोन्ही हातांनी तोंड दाबून बसले. पुढचे मागचे सगळे ऐकत होते, आणि ऐकत नसल्याचं सोंग कुणालाही धड जमत नव्हतं.

"काल मी पुष्कळ बोललो," तो म्हणाला.

"आता थोडक्यात बोला."

तो खिडकीबाहेर बघायला लागला. लाल रस्ता, हिरवी टेकाडं, बंदूक लटकवून येणारा शिपाई. मला वाटलं, संपलं. हा आता घरी पोचेपर्यंत काही बोलायचा नाही.

"थांब," तो म्हणाला.

थांबा नाही. थांब. आणि स्वतःच्याच शब्दाला तो एवढा दचकला की पुढचं त्याच्या तोंडून आपोआप आलं. "थांब, ओफेलिया. जाऊ नकोस."

तिनं तुंब्यात पाणी ओतलं आणि त्याच्या हातात दिला, खालून आपलाही हात लावला. त्याच वेळी शिपाई आत चढला. बसभर म्हातारी माणसं चिडीचूप बसलेली बघून तो बावरला आणि काय झालंय म्हणून विचारू लागला. पोचा त्याच्यावर खेकसली, "काही झालं नाही, साहेब. तुम्ही जरा गप्प बसा." तो खरंच गप्प बसला.

पोसादासच्या अलीकडे नोएमीचा फोन आला. ओफेलिया नेहमीच्या आवाजात बोलत होती, म्हणजे ड्रायव्हरपर्यंत जाईल अशा. ट्रक नको पाठवूस, म्हणाली. नाही, रागावले नाही. येईन ना, उन्हाळ्यात येईन, राहीन चांगली. आम्ही दोघं येऊ. पलीकडे मुलगी काहीतरी विचारत होती. "कोण दोघं म्हणजे? घे, त्याच्याशीच बोल."

एवारिस्तोनं फोन दोन्ही हातांनी धरला. आधी उलटा धरला, तो तिनं सुलटा केला.

"मी एवारिस्तो," तो म्हणाला. "शेजारचा."

"शेजारचा म्हणे," ओफेलिया म्हणाली. "नीट सांग."

मागच्या बाकावर मी रडत होते आणि मला त्याची मुळीच लाज वाटत नव्हती. एवारिस्तोनं घसा साफ केला. फोन तोंडाजवळ आणला.

"तुझ्या आईचा एवारिस्तो," तो म्हणाला.