डबी बोलली की खडा

मुलांनो, डोळे मिटायची गरज नाही. उघड्या डोळ्यांनीच जरा माझ्याबरोबर चला. समजा, आपण ताम्हिणी घाटातल्या एका वळणावर उभे आहोत. श्रावणातला रविवार आहे. धुकं इतकं दाट की समोरून येणाऱ्या गाडीचे आधी दिवे दिसतात आणि मग गाडी. रस्त्याच्या कडेला निळ्या प्लास्टिकखाली चार जणांचा धंदा एकमेकाला खेटून मांडलाय. पहिली टपरी साधनाची, तिथं पिठलं-भाकरी मिळते. दुसरी रंभाबाईंची, चहा आणि कांदाभजी. तिसरीत भिकू शेगडीवर कणसं भाजतो. चौथ्याला टपरीच नाही. एक सपाट दगड आहे, त्यावर घोंगडी पांघरून भैरूआजा बसतो आणि त्याच्यापुढं पाटीत उकडलेल्या शेंगा.

आता कान द्या. पावसाच्या आवाजातून एका बाईचा स्पष्ट, कोरा आवाज येतो. "तीस रुपये प्राप्त झाले." बाई कुठंच दिसत नाही. ती साधनाच्या फळीवरच्या एका डबीत आहे. गिऱ्हाइकानं फोननं पैसे दिले की ती डबी बोलते. सगळी ओळ तिला नुसतं 'डबी' म्हणते.

त्या वळणावर फोनला रेंज येते ती फक्त साधनाच्या कोपऱ्यात, कारण तिथून दरी उघडी आहे. बाकी तिघांच्या जागी फोन म्हणजे नुसतं घड्याळ. म्हणून फोननं पैसे भरायच्या चौकोनी कोडाची पाटी एकच, साधनाच्या नावाची. कणीस भिकूचं घ्या, चहा रंभाबाईंचा घ्या, पैसे साधनाच्या कोडावर. डबी बोलली की ज्याचं गिऱ्हाईक त्यानं आपला आकडा ध्यानात ठेवायचा. सोमवारी साधना एसटीनं पौडला जाऊन बँकेतून पैसे काढायची आणि संध्याकाळी ज्याचे त्याला वाटायची. कागद नाही, सही नाही. दोन वर्षं असं चाललं होतं आणि कुणाचा कधी रुपया इकडचा तिकडं झाला नव्हता.

भैरूआजा तर फोनही वापरत नसे. त्याच्याजवळ बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता आणि ओढ्यातले पांढरे खडे. डबी बोलली आणि समोरच्या माणसाच्या हातात शेंगांची पुडी असली, की एक खडा डब्यात. पुडी तीस रुपयांची. सोमवारी खडे मोजायचे आणि तिसानं गुणायचे. गुणाकार जान्हवीचा.

जान्हवी साधनाची मुलगी, सहावीतली. तिचे वडील भरे गावाजवळच्या कारखान्यात पाळीवर जात, त्यामुळं रविवारी टपरीवर आई आणि ती. शाळेत इंग्रजी वाचण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. घाटात थांबणारे पुण्याचे लोक कौतुक करत, तेव्हा तिला फार बरं वाटे. इंग्रजी येणं चांगलंच हो. पण या गोष्टीत तेच तिच्या अंगाशी आलं.

वैशाखात एक तरुण माणूस मोटारसायकलवरून आला. पियूष नावाचा, बावधनला राहणारा, पाठीवर कंपनीचं नाव छापलेली बॅग. कंपनी छोट्या दुकानदारांना कोडाच्या उलाढालीवर कर्ज देणारी.

"ताई, तुमच्या कोडवर महिन्याला चाळीस-पन्नास हजार फिरतात," तो फोन पुढं धरून म्हणाला. "या रोडवर एकट्या लेडीचा एवढा बिझनेस मी पाहिला नाही. खरंच."

साधना पदर सारखा करून हसली. जान्हवी वाट पाहत होती की आई आता सांगेल, हे काही माझ्या एकटीचं न्हाई, चौघांचं हाय. आई बोलली नाही. तिनं पियूषला ताक दिलं.

"साठ हजारांचं लोन बसतं तुम्हाला. खांबावर वायरलेस नेटची डिश लावून देतो, फ्रीज घ्या. कस्टमरला वायफाय मिळालं की तो कॅश नाही म्हणून परत जाणार नाही. हप्ता भरायला कुठं जायचं नाही. आपोआप कटतो."

"कटतो म्हंजी किती?"

"सगळं लिहिलंय इथं. मुलीला वाचू दे की."

जान्हवीनं फोन दोन्ही हातांत धरला आणि खडाखडा वाचलं. कोडावर जमा होणाऱ्या प्रत्येक रकमेतून दहा टक्के कंपनी कापणार, कर्ज फिटेपर्यंत. तिनं मराठीत सांगितलं आणि थांबली.

"आई, प्रत्येक म्हंजी भैरूआजाच्या शेंगांचं बी?"

पियूष तेवढ्यात मोटारसायकलवरची ताडपत्री ओढायला गेला होता. साधनानं रस्त्याकडं बघितलं, मग मुलीकडं. "गप. फुडं वाच."

जान्हवीनं पुढं वाचलं. मग फोनवर सहा आकडे आले, तेही तिनंच वाचून दाखवले, आणि 'मान्य आहे' या अर्थाच्या हिरव्या चौकोनावर तिच्याच बोटानं दाबलं, कारण आईचा हात पिठाचा होता.

पियूष खोटं बोलला नव्हता, हे लक्षात ठेवा. त्यानं जे विचारायचं ते विचारलं नाही, एवढंच.

डिश लागली. फ्रीज आला. जान्हवीनं पाटीवर खडूनं वायफायचा पासवर्ड लिहिला आणि खाली भाकरीचं चित्र काढलं. पावसाळ्यात गाड्यांची रांग लागली. डबी दिवसभर बडबडायला लागली. "साठ रुपये प्राप्त झाले. शंभर रुपये प्राप्त झाले."

"ह्या बाईला घसा धरत न्हाई का गं?" रंभाबाई विचारत. "दिवसभर बोलतीय, च्या बी मागत न्हाई."

"लगीन झालं नसंल तिचं," भिकू म्हणे. "ऐकणारं कोण नसलं की माणूस असंच बोलतं."

"तुझं झालंय, तरी तू कुटं गप बसतूस?"

भैरूआजा दगडावरून हसे आणि डब्यात खडा टाके.

आता यातली मेख बघा. डबी बोलते तो आकडा पुरा. बँकेत पोचतो तो दहावा भाग कापून. डबी शंभर म्हणाली की सगळी ओळ शंभर ऐकते, आणि खात्यात येतात नव्वद. हे फक्त दोघींना माहीत होतं.

साधनानं पहिले चार-पाच आठवडे तिघांनाही पुरे पैसे दिले. कापलेलं सगळं स्वतःच्या हिश्शातून भरलं. हे तिच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. पण धंदा जितका वाढला तितकं कापणंही वाढलं. रविवारी सगळ्यांचे मिळून बारा हजार आले तर त्यात तिचे पाच. कंपनीनं बाराशे कापले की तिच्या पाचांतला जवळजवळ पाव हिस्सा गेला. त्यात पीठ, गॅस, फ्रीजचं वीजबिल. ती दिवसभर भाकऱ्या थापायची आणि सोमवारी एसटीतून उतरताना तिचा चेहरा असा दिसायचा, जणू कुणीतरी रस्त्यात हाक मारून काही वाईट सांगितलंय.

आणि मग एका सोमवारी ते घडलं.

पाऊस थांबला होता. चौघं रंभाबाईंच्या बाकड्यावर बसले होते. भिकूनं आपला आकडा सांगितला, रंभाबाईंनी सांगितला. भैरूआजानं डबा पालथा केला. जान्हवीनं खडे मोजले. एकसष्ट.

"एकसष्ट पुड्यांचं किती?" आजानं विचारलं.

"अठराशे तीस."

साधनानं नोटा मांडीवर ठेवल्या होत्या. ती म्हणाली, "बाराशे कमी पडत्यात."

"कमी?" भिकू म्हणाला. "डबी तर काल ठणाणा बोलत हुती."

साधना कुणाकडंच बघेना. नोटांच्या कडा सारख्या करत राहिली. मग म्हणाली, "डबी बरूबर बोलती. कुणाचा तरी आकडा जास्त लागतोय. एखादा खडा दोनदा पडत असंल."

खडे टाकणारा माणूस त्या ओळीत एकच होता.

मग भिकूनं आपल्या सवयीनं थट्टा केली. "काय आजा, माझ्या कणसाचा आवाज बी तुमच्याच डब्यात पडतोय जणू."

"मी आधी गिऱ्हाइकाच्या हाताकडं बघतो," भैरूआजा हळू म्हणाला. "पुडी असंल तरच खडा टाकतो."

"बघता व्हय, पण धुकं केवढं असतंय," रंभाबाई म्हणाल्या. त्यांना बोचायचं नव्हतं. त्या सावरायला गेल्या आणि ते जास्त लागलं.

जान्हवीच्या डोक्यात हिशेब केव्हाच झाला होता. काल आलेल्या बारा हजारांचा दहावा भाग बाराशे. एक रुपया इकडं नाही, तिकडं नाही. तिनं आईकडं बघितलं. आईनंही तिच्याकडं बघितलं, आणि ती नजर वैशाखातलीच होती. गप. फुडं वाच.

जान्हवी गप्प बसली.

"मग माझ्यातनं कमी करा," भैरूआजा म्हणाला. "लोकांचं नगं जायाला."

साधनानं त्याला सहाशे तीस मोजून दिले. त्यानं ते न मोजता बंडीच्या खिशात घातले, पांढरे खडे ओंजळीत घेतले, रस्त्याच्या कडेच्या गवतात सोडून दिले आणि रिकामा डबा काखेत मारून चालू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेची वेणी घालून घेताना जान्हवीनं विचारलं, "आई, आजानं कायबी केलं न्हाई. आपल्याला ठावं हाय की."

साधनाचा हात केसात थांबला. "नेट कुणी आणलं? मी. वापरतंय कोण? समदी. त्यांचा बी धंदा वाढला का न्हाई?"

"मग तसं सांग त्यास्नी."

"सांगितलं तर उद्या म्हणतील, आमाला न विचारता आमच्या पैशावर कर्ज काढलंस. कोड सोडतील. मग हप्ता मी एकलीनं कशातनं फेडू? कंपनीला मी बोलले का, की धंदा चौघांचा हाय? तू हुतीस की तितं." तिनं वेणी ओढून घट्ट बांधली, जरा जास्तच घट्ट. "आजाचं नाव घ्यायचं न्हवतं मला. तोंडातनं गेलं. आता गेलेलं कसं माघारी घेऊ?"

पुढच्या रविवारी भैरूआजा आला नाही. सपाट दगडावर पावसाचं पाणी साचून राहिलं. गिऱ्हाइकं विचारत, "इथले शेंगावाले कुठे गेले?" भिकू म्हणे, "वय झालं त्यांचं." हे बोलताना तो कणसावर वारा घालायचा आणि मान वर करायचा नाही. त्या सोमवारी कापलेलं साधनानं पुन्हा स्वतःच्या हिश्शातून भरलं.

बुधवारी शाळा सुटल्यावर जान्हवी आजाच्या घरी गेली. तो पडवीत बसून शेंगा निवडत होता. तिनं ठरवून आणलेलं वाक्य घशाशी आलं, तेवढ्यात तोच बोलला.

"मी लई इचार केला बघ पोरी. चुकलं असंल माझंच. कान बी पयल्यासारखं न्हाईत. पुडी दिसली आन् डबी बोलली, असं मला वाटत असंल, पर डबी दुसऱ्याचं बोलत असंल. ऐंशीच्या घरात हाय मी. तुझ्या आईचा काय दोष?"

आजा चिडला असता, आईला चार शिव्या दिल्या असत्या, तर तिनं त्या ऐकून घेतल्या असत्या. पण तो स्वतःच्या कानांवर संशय घेऊन बसला होता, आणि ते कान घाटात सगळ्यात चांगले होते.

"ह्यो घेऊन जा," त्यानं बिस्किटांचा डबा तिच्यापुढं सरकवला. "पेन-पेन्सिली ठेवाया हुईल. मला आता काय मोजायचं हाय?"

ती डबा घेऊन आली. वाटेत वळणावर थांबून तिनं गवत चाचपलं. पांढरे खडे बरेचसे सापडले.

मग रविवार उजाडला. धुकं होतं, गाड्या होत्या, भज्यांचा वास होता. साधनानं पहिली भाकरी तव्यावर टाकली आणि पोरीला हाक मारली, ताटं पुसायला. पोरगी आली नाही. ती भैरूआजाच्या दगडावर जाऊन बसली होती, मांडीत पत्र्याचा डबा घेऊन.

एका गाडीवाल्यानं रंभाबाईंकडं दोन चहा घेतले. डबी बोलली, "चाळीस रुपये प्राप्त झाले."

जान्हवी उभी राहिली. शाळेत प्रार्थना सांगतात तशा मोठ्या, सरळ आवाजात ती म्हणाली, "चाळीसातलं चार कंपनीचं. रंभाआजीचं छत्तीस."

रंभाबाईंचा झारा कढईवर थांबला. "काय म्हणतीय गं ही?"

डबी बोलली, "शंभर रुपये प्राप्त झाले."

"शंभरातलं धा कंपनीचं. भिकूकाकाचं नव्वद. आईनं कर्ज काढलंय. कागद मी वाचला, बोट बी मीच दाबलं."

"जान्हवे," साधना म्हणाली. आवाज चढला नव्हता. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती आणि ती उलटायची तिला आठवण नव्हती. "गप बस."

भिकूनं पंखा खाली ठेवला. गिऱ्हाइकं फोन हातात धरून एकमेकांकडं बघत होती. कुणीतरी घाईनं कोडासमोर फोन धरला, आणि डबीला यातलं काही कळत नसल्यानं ती पहिल्याच कोऱ्या आवाजात बोलली, "साठ रुपये प्राप्त झाले."

जान्हवीनं डब्यात एक खडा टाकला. पत्रा वाजला.

"साठातलं सहा कंपनीचं," ती म्हणाली. "आणि भैरूआजानं एक बी खडा दोनदा टाकला नव्हता."

मग ती खाली बसली आणि दुसरा खडा हातात घेऊन डबी परत बोलायची वाट बघू लागली.