काट्याला लावलेलं कुंकू

दुसरी मोठी लढाई संपली त्या वर्षाची गोष्ट. बेळगावात, कॅम्पाकडं जाणाऱ्या रस्त्याला धनपालशेठांची शेंगतेलाची गिरण होती. मष्णू तिथली घाणा फिरवणारी विजेची मोटार सांभाळायचा. मोटार जुनी. सकाळभर चालली की दुपारी बंद करून तिचं बेअरिंग निवू द्यावं लागे, नाहीतर जळून जाई. त्यासाठी मष्णूने कधी घड्याळ बघितलं नव्हतं. जयाबाई भाकरी घेऊन दारात दिसली की तो खटका ओढायचा, आणि मोटार निवेपर्यंत नवराबायको जेवायची.

पावसाळ्यात जयाबाई तापाने गेली. दारात येणारं कुणी उरलं नाही. एका दुपारी जळका वास गिरणीभर पसरला, तरी मष्णू मोटारीपुढं बसूनच होता. शेवटी नागोजी हमालाने धावत येऊन खटका ओढला.

शेठ रागावले नाहीत. नवं बेअरिंग बसवलं, आणि मुंबईहून एक घड्याळ मागवून मोटारीच्या बोर्डावर लावलं. चावी फिरवून वेळ लावायची. काटा हळूहळू मागे सरकत शून्यावर आला की खट्ट वाजे आणि मोटार आपोआप बंद पडे.

"आता तुझं काय काम रं, मष्णू?" नागोजी म्हणाला. "घड्याळ भाकरी मागत न्हाय, बिडी मागत न्हाय."

सगळे हसले. मष्णू मात्र चिंधीने मोटार पुसत राहिला. काम गेलं तर कोगनोळीला भावाकडं जावं लागणार. भाऊ वाईट नव्हता. पण मग बेळगावातली खोली सोडावी लागली असती. जयाबाईने सारवलेली चूल तिथं अजून तशीच होती.

खंडेनवमी आली. मोटारीची पूजा दरवर्षी जयाबाईच करायची. या वर्षी ताट मष्णूने घेतलं. मोटारीला, पान्यांना कुंकू लावून तो घड्याळापुढं थांबला. तसबिरीला कुंकू लावताना जयाबाई काच काढायला लावायची. म्हणायची, "काचेला लावून देवाला कसं पोचंल?" मष्णूने घड्याळाची काच उघडली आणि ओलं कुंकू बोटावर घेऊन काट्याच्या बुडाशी नीट लावलं. बरं वाटलं त्याला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गिरण सुरू झाली. मष्णूने जरा जोर लावूनच चावी फिरवली, वेळ लावली आणि खट्ट वाजायची वाट बघत बसला. बराच वेळ गेला. काटा हललेला दिसेना. मुंबईचं यंत्र आहे, त्याला आपल्यापेक्षा जास्त कळत असेल, असं म्हणून तो बसून राहिला. मग सवयीने त्याची नजर दाराकडं गेली. दारात कुणी नव्हतं. पण ऊन उंबऱ्यावर आलं होतं, जयाबाई चपला काढायची तिथवर.

मष्णू ताडकन उठला आणि खटका ओढला. बेअरिंगला हात लावला तर चटका बसला. वास मात्र नव्हता. वाचलं होतं. तो तिथंच खाली बसला.

मोटार एकाएकी थांबली म्हणून शेठ आले. घड्याळाजवळ जाऊन बघतात तर वाळलेल्या कुंकवात काटा चिकटलेला.

"हे कुणी केलं?"

"मीच, मालक. काचेला लावलं तर देवाला पोचत न्हाय, असं हिचं म्हणणं."

शेठांना हसू आवरेना. "पोचलं की रे, थेट काट्यापर्यंत पोचलं!"

"मी जातो कोगनोळीला," मष्णू मान खाली घालून म्हणाला. "घड्याळ हाय आता. माझं काय काम?"

"घड्याळ तेल घालतंय काय? पट्टा चढवतंय काय?" शेठांचं हसू थांबलं. "जयाबाई गेल्यापासनं तू दुपारचं जेवत न्हाईस. सांगून तर ऐकणार न्हाईस. म्हटलं, मोटारच बंद पडली की उठशील. तुझ्यासाठीच आणलंय ते, येड्या."

मष्णूच्या छातीवरचा धोंडा कुणी उचलून बाजूला ठेवावा तसं झालं. त्याने चिंधी तेलात बुडवली आणि काटा पुसायला घेतला. कुंकू सुटलं. चावी थोडीशीच फिरवून बघितली तसा काटा सरकू लागला, आणि थोड्या वेळाने खट्ट वाजलं.

पोत्यांवर बसून नागोजीने भाकरीचं फडकं सोडलं होतं.

"ये रं," त्याने हाक मारली. "घड्याळ मागत न्हाय, तू तरी माग."

मष्णूने हात धुतले आणि भाकरीसाठी हात पुढं केला.