सुमिएचं ‘नो’

"नो, नो," सुमिए हसत हसत म्हणाली आणि गोड मांजूची पुडी तिने दोन्ही हातांनी पुढे केली. "सर्व्हिस."

दारातल्या पायरीवर बसून बुटांचे बंद आवळणाऱ्या डॉसनबाईंनी तिला नुकतंच विचारलं होतं, "धिस... नो सोबा?" पुडीकडे बोट दाखवून, एकेक शब्द सुटा करून, लहान मुलाला विचारावं तसं. सुमिएला प्रश्न लख्ख कळला. यात सोबा नाही का? बाई बिचाऱ्या थेट न्यूझीलंडहून आमच्या डोंगरात आलेल्या. आमच्याकडे येणारी माणसं सोब्याच्या, म्हणजे कुट्टूच्या, या काळपट पिठासाठीच तर येतात, आणि हल्ली स्टेशनाजवळचे दुकानदार सोब्याच्या नावाखाली नुसता गहू गळ्यात मारतात. बाईंना शंका येणारच. म्हणून सुमिएने त्यांची समजूत घातली. नो, नो. तसं नाही हो, आहे, चांगला भरपूर आहे.

डॉसनबाईंचा चेहरा खुलला. त्यांनी पुडी पिशवीत जपून ठेवली, सुमिएचा हात हातात घेऊन दाबला आणि त्या उठल्या. मागून त्यांचे यजमान, ते उंच टकलू डॉसनसाहेब, आमच्यासारखं कमरेत वाकून नमस्कार करायला गेले आणि चौकटीवर डोकं आपटून घेतलं. तिघंही हसली. मग ती दोघं खिंडीच्या वाटेला लागली आणि वळणावर दिसेनाशी होईपर्यंत सुमिए दारात वाकून उभी राहिली.

आमच्याकडे सर्व्हिस म्हणजे फुकट, प्रेमाने हातावर ठेवलेलं. पाहुण्यांच्या शिदोरीत भाताचे गोळे, लोणचं आणि अंडं एवढंच जातं. मांजू त्यात नसतो. सोब्याच्या पिठाचे, आत लाल घेवड्याचं पुरण भरलेले हे मांजू सुमिएने आपण होऊन पहाटे उकडले होते. खरं सांगायचं तर त्या दिवशी ती हवेत होती. शिमोतानी गावात सून म्हणून आली तेव्हापासून ती या पाहुणेघराच्या मुदपाकखान्यात. पुढे बसून पाहुण्यांशी बोलायचं काम थोरल्या जाऊबाईंचं, कियोनोचं. सुमिएचा नवरा वारल्यावरही तीच वाटणी राहिली. गेल्या हिवाळ्यात नगरकचेरीने पाहुणेघरवाल्यांसाठी इंग्रजीचा वर्ग काढला, तिथे कियोनो दोनदा जाऊन कंटाळली आणि सुमिए मात्र बर्फ तुडवत शेवटपर्यंत गेली. आणि आज कियोनो गुडघा दाखवायला दवाखान्यात गेलेली असताना तिने एकटीने पाहुण्यांना निरोप दिला होता. इंग्रजीत. भांडी विसळताना ती स्वतःशीच गुणगुणत होती.

कियोनो परतली ती लेकीच्या गाडीतून. लेक चिनात्सु खालच्या गावात पोस्टात असते. आईला सोडायला आली होती.

"गेले का गं पाहुणे?" काठी टेकत कियोनोने विचारलं.

"गेले की. जाऊबाई, आज तुमची गरजच पडली नाही. बाईंनी मला इंग्रजीत विचारलं, मी इंग्रजीत सांगितलं. मांजूसुद्धा दिले."

"कसले मांजू?"

"सोब्याचे. सर्व्हिस म्हणून."

कियोनो होती तिथेच, पायरीवर बसली. गुडघ्याची तक्रारही तिने केली नाही.

"अगं, त्या बाईला सोबा म्हणजे विष आहे. खोली ठरवतानाच त्यांनी कळवलं होतं. काल तुला सुट्टी देऊन रात्री मीच पातेली निराळी, पळ्या निराळ्या करून रांधलं ना, ते कशाला? मला वाटलं, शिदोरीत काय, भात तर जातो. तुला सांगायचं राहिलं."

सुमिए चपापली, पण क्षणभरच. "मग तेच विचारत होत्या होय त्या. बरं झालं बाई विचारलं. मी सांगितलंय त्यांना, सोबा आहे म्हणून."

"काय सांगितलंस? तुझ्या इंग्रजीत सांग."

"त्या म्हणाल्या, धिस, नो सोबा? मी म्हटलं, नो, नो."

चिनात्सु गाडीची किल्ली फिरवत उभी होती, ती थांबली. "काकू, नो म्हणालीस?"

"हो. नो. तसं नाही, सोबा आहे."

"काकू, इंग्रजीत नो म्हणजे नाही."

"तेच म्हणतेय मी. नाही, तसं नाही."

"तसं नसतं गं त्यांच्यात." चिनात्सुचा आवाज चढला. "ते समोरच्याच्या प्रश्नाकडे बघतच नाहीत. वस्तूकडे बघतात. प्रश्न सुलटा विचारा नाहीतर उलटा, वस्तूत असेल तर येस आणि नसेल तर नो. तू नो म्हणालीस म्हणजे त्यांनी ऐकलं, सोबा नाही. खा बिनधास्त."

वर्गात येस आणि नो पहिल्याच दिवशी झाले होते. सगळ्यात सोपे म्हणून मास्तरांनी ते भरभर उरकले होते आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. हे शब्द कुणाला येत नाहीत? आता सुमिएला डॉसनबाईंचा तो खुललेला चेहरा दिसला. बाई खुलल्या त्या एवढ्यासाठी. गोड खायला मिळणार म्हणून.

"फोन लाव त्यांना," कियोनो लेकीला म्हणाली.

चिनात्सुने लावला. खिंडीच्या वाटेवर फोन लागत नाही हे तिघींनाही माहीत होतं, तरी तिघी त्या यंत्राकडे बघत राहिल्या. खिंडीतलं चहाचं दुकान गुरुवारी बंद असतं, आणि नेमका गुरुवार. मग कियोनोने अग्निशमन दलाला फोन केला; आमच्याकडे रुग्णवाहिकाही त्यांचीच. पलीकडच्या माणसाने विचारलं, रोग्याची अवस्था काय आहे? कियोनो म्हणाली, "अजून काही झालेलं नसेल. पण होईल. तुम्ही निघा." आमच्या कियोनोचा आवाज कापताना गावात तोवर कुणी ऐकला नव्हता.

"मी गाडी घेऊन डोंगराला वळसा घालते," चिनात्सु म्हणाली. "ते पलीकडे उतरले असतील तर तिकडे गाठीन. काकू, तू..."

पण काकू दारात नव्हती. चुलीवरचं फडकं कमरेला तसंच, पायांत शेतातले रबरी बूट, आणि ती वाटेला लागलेली होती.

त्या वाटेवर तिने उभा जन्म मशरूम आणि सरपण वेचलं होतं. कुठला दगड हलतो आणि कुठे शेवाळ आहे, सगळं तिच्या पायांना ठाऊक. त्या दिवशी मात्र पाय तिचे ऐकत नव्हते. भीती माणसाला पळवते म्हणतात, ते अर्धंच खरं. ती धरूनही ठेवते. छातीत धाप मावत नव्हती आणि डोक्यात एकच हिशेब चालू होता. भूक कधी लागते माणसाला? मोठी माणसं आहेत, हळू चढतील. पण बाईंनी नाश्ता कमी खाल्ला होता. पण गोड माणूस शेवटी खातो. पण परदेशी लोक गोड कधीही खातात, चालता चालताही खातात. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. कशाला शिकायला गेले मी मेली? मुकी राहिले असते तर बाईंनी खूण करून, दहा वेळा विचारून घेतलं असतं. मान हलवली असती मी, पुडी परत घेतली असती.

"येस सोबा," ती धापा टाकत म्हणू लागली, चुकू नये म्हणून. "येस सोबा. येस सोबा."

वाटेत खांबांवर घंटा टांगलेल्या आहेत. येणारा-जाणारा त्या वाजवतो, म्हणजे अस्वलं लांब राहतात. वरच्या अंगाला एक घंटा वाजली तेव्हा सुमिएच्या जिवात जीव आला. घंटा वाजवते म्हणजे बाई चालते आहे, बरी आहे. तिने खालची घंटा जोरजोराने बडवली, हाका मारल्या. मग देवदारांतून दोन माणसं उतरताना दिसली. आपल्याकडचीच, टोप्या घातलेली म्हातारा-म्हातारी.

"वर परदेशी पाहुणे दिसले का हो तुम्हाला?"

"दिसले ना," म्हातारी कौतुकाने म्हणाली. "झऱ्यापाशी बाकावर बसलेत. शिदोरी उघडून मजेत जेवताहेत. आम्हालाही बोलावत होते."

सुमिएने त्यांना सांगितल्याबद्दल धन्यवादही दिले नाहीत. त्या माणसांनी नंतर गावात येऊन सांगितलं की बाई आमच्या अंगावरून गेली, आणि तिच्या मागे खरंच अस्वल लागलंय असं वाटून आम्हीही पळालो.

झऱ्याच्या अलीकडच्या वळणावर ती थांबली. पुढे जाण्याचा तिला धीर होईना. वळणापलीकडे काय असेल ते तिथे गेल्यावरच खरं होणार होतं, आणि अजून ती अलीकडे होती. एवढ्यात तिला तो आवाज ऐकू आला. कोंडलेल्या किटलीतून निघावी तशी बारीक शीळ, थांबून थांबून येणारी. माणसाच्या श्वासाचा आवाज होता तो.

डॉसनबाई बाकावर नवऱ्याच्या छातीला टेकून बसल्या होत्या. ओठ आणि पापण्या सुजून त्यांचा चेहरा ओळखू येत नव्हता. डॉसनसाहेबांनी त्यांच्या मांडीत इंजेक्शन टोचलेलं होतं. त्याची नळी खाली पडली होती. शेजारी बांबूच्या पानावर चावा घेतलेला मांजू होता, एकच चावा.

डॉसनसाहेबांनी वर पाहिलं. "यू सेड नो," ते म्हणाले. मग ओरडून म्हणाले, "यू सेड नो!"

तीन शब्द. प्रत्येक शब्द सुमिएला कळला.

तिने पाठ करत आणलेलं "येस सोबा" आता कुणाच्या कामाचं नव्हतं. ती बाईंच्या पायाशी गुडघ्यांवर बसली. फडकं झऱ्यात भिजवून तिने बाईंच्या मानेवर धरलं, आणि ती शीळ ऐकत राहिली. शीळ थांबली की तिचाही श्वास थांबे. पुन्हा सुरू झाली की तिचाही सुरू होई. झाडांतून ऊन सरकत होतं आणि खालून कुणी येत नव्हतं. माणूस असं आपल्या हातात, आपल्याच पदार्थाने जाईल, आणि आपण त्याला झऱ्याचं पाणी लावत बसू, या भीतीपुढे तिला स्वतःचं नावही आठवलं नसतं. एकदा बाईंनी डोळे किलकिले करून तिच्याकडे पाहिलं. त्यांनी ओळखलं की नाही कोण जाणे. सुमिएने नजर खाली वळवली.

शेवटी घंटा वाजली, मग दुसरी, जवळची. अग्निशमनवाले झोळी घेऊन आले. त्यात आमचा तात्सुओ होता, सुमिएच्या नवऱ्याचा शाळासोबती. त्यांनी बाईंच्या तोंडाला प्राणवायू लावला, आणखी एक इंजेक्शन दिलं, जड बूट काढून पाय सैल केले, आणि मग सगळे वाट बघत बसले. हळूहळू शीळ विरली. बाईंचा श्वास साधा, ऐकू न येणारा झाला.

"वाचल्या," तात्सुओ म्हणाला. "एकाच चाव्यावर थांबल्या म्हणून. खाली नेऊ या."

हे डॉसनसाहेबांना कुणी सांगायला नको होतं. त्यांनी चष्मा काढला, तोंड पुसलं आणि बराच वेळ तळव्यांत धरून ठेवलं. मग ते सुमिएकडे वळले. राग ओसरला होता. पन्नाशी कधीच उलटलेली, चिखलाने माखलेली, कमरेला फडकं गुंडाळलेली एक बाई त्यांच्यापुढे उभी होती. ते हळू, जवळजवळ मायेने म्हणाले,

"यू डिडन्ट अंडरस्टँड हर. डिड यू?"

तुम्हाला तिचं बोलणं कळलं नव्हतं ना?

"वहिनी," तात्सुओ तिच्या कानाशी कुजबुजला, "काय विचारतोय ते मला कळत नाही, पण रागात दिसत नाही. इंग्रजी येत नाही म्हणा आणि मोकळ्या व्हा. तुम्हाला कोण बोल लावणार आहे?"

सुमिएच्या जिभेवर शब्द आपोआप आला होता. नो. नाही, तसं नाही साहेब, मला कळलं होतं. हेच तर तिला म्हणायचं होतं. पण तो शब्द ओठांशी आला आणि ती दचकली. हा पुन्हा उलटा प्रश्न. ती नो म्हणाली की साहेब ऐकणार, नाही, कळलं नव्हतं. आणि मान डोलावून म्हणणार, बरोबर आहे, बिचारी अडाणी बाई. एका शब्दात ती सुटणार होती. खोटं बोलावंही लागणार नव्हतं; आमच्या भाषेत ते खरंच असणार होतं.

तिला पुन्हा तीच भीती वाटली, सकाळभर वाटली तीच. तिने डोळे मिटले. चिनात्सुने सांगितलं होतं, प्रश्नाकडे बघायचं नाही, वस्तूकडे बघायचं. वस्तू काय होती? बाईंनी विचारलेला शब्दन् शब्द तिला कळला होता. तिचं उत्तर चुकलं होतं.

"येस," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की साहेब जवळ झुकले. "येस. आय अंडरस्टँड. आय... से राँग."

आणि ती वाकली. पाहुण्यांना निरोप देताना वाकतो तितकी नव्हे, कंबर मोडेपर्यंत.

ती सरळ झाली तेव्हा डॉसनसाहेब तिच्याकडेच बघत होते, आणि त्यांच्या तोंडावरची ती मघाची माया गेली होती. तिच्या जागी काय होतं ते सुमिएला वाचता आलं नाही. त्यांनी फक्त एकदा मान खाली घातली आणि झोळीची एक बाजू धरायला ते पुढे झाले.

माणसं सावकाश उतरू लागली. बाकाखाली डॉसनबाईंचे बूट तसेच राहिले होते, बंद लोंबत असलेले. सुमिएने ते उचलले, फडक्याने त्यांच्यावरचा चिखल पुसला, आणि दोन्ही हातांत छातीशी धरून ती सगळ्यांच्या मागून, अंतर राखून चालू लागली.