वाणातली गाडी

बाळू मिस्त्रीने इंजिनातून ऑइलची पट्टी ओढली, फडक्याने पुसली, पुन्हा आत घालून काढली आणि उजेडात धरली. पट्टीचं टोक कोरडं ठाक होतं.

"काका, परवाच तर भरलं होतं मी."

"भरलंस तं," विठू म्हणाला. "पितं ते. म्हातारा मानूस चा पितो तसं पितं."

रंभा गाडीच्या पायरीवर बसली होती. मासळीबाजार आटोपला होता, रिकाम्या टोपल्या मागे एकात एक घातल्या होत्या. संकष्टी होती, म्हणून पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. पनवेलच्या उन्हात गॅरेजचे पत्रे तडतडत होते, आणि तिला सगळं जरा लांबून ऐकू आल्यासारखं वाटत होतं.

गव्हाणचं हे जोडपं. इतकी वर्षं रोज पहाटे करंजाच्या धक्क्यावर जायचं, मासळी घ्यायची आणि पनवेल गाठायचं. विठूने गाडी हाकायची, रंभाने विकायचं. गाडी डिझेलची, मागच्या सीटा काढून टोपल्यांना जागा केलेली. चार लाख किलोमीटर ओलांडून तिचा काटासुद्धा थकून थांबला होता. आता विठूचा खांदा धरायचा. व्यापाऱ्याचा टेम्पो मासळी थेट बाजारात आणून टाकायला तयार होता. म्हणजे धक्क्यावरची फेरीच संपली. घर ते बाजार एवढ्यापुरती छोटी गाडी पुरे. ओवे गावच्या जावयाकडे, हितेशकडे, तशी छोटी गाडी होती, पण त्याचा धंदा मांडवाच्या लायटिंगचा. त्याला मोठी हवी होती. तेव्हा ठरलं होतं, गाड्यांची अदलाबदल करायची. पावसाळ्यासाठी बोटी बंद झाल्या की लेक-जावई धोंड्याच्या जेवणाला येणार होते, त्याच दिवशी.

बाळूने पट्टी जागेवर ठेवली. "दोन रस्ते आहेत, मावशी. एक म्हणजे इंजिन उतरवायचं, पूर्ण खोलायचं, रिंगा-पिस्टन सगळं नवीन. नाहीतर मी जाड ऑइल भरतो. पावसाळाभर धूर दाबून राहील."

"आनि पावसाळ्यानंतर?"

"नंतर जावईबुवा आणि त्यांचं नशीब." बाळू स्वतःच हसला.

"तसं नाय करायचं," विठू म्हणाला. "हितेशला सांगू ना. इंजिन थकलंय, जशी हाय तशी घे. पोरगा समजूतदार हाय, नाय म्हननार नाय."

"धोंड्याच्या मैन्यात जावयाला 'जशी हाय तशी' देतात काय?" रंभाचा आवाज कधी चढत नसे, आताही चढला नाही.

"अगो, हे वान थोडंच हाय? बदली हाय. त्याची आपल्याला, आपली त्याला."

"त्याच्या हाती दिलं का वानच. अनारसा करपला तं मी बाजूला काढते, आनि करपलेलं इंजिन ताटात ठेवू?"

"मावशी, अनारशाला जाळी लागते," बाळू म्हणाला. "इंजिनाला जाळी पडली की खेळ खलास."

रंभा पदरात हसली. विठू हसला नाही. अधिक महिना तीन वर्षांनी येतो, त्या महिन्यात जावई म्हणजे नारायणाचं रूप, हे त्यालाही ठाऊक होतं. खर्चालाही तो भीत नव्हता. तो बॉनेटवर हात ठेवून नुसता उभा राहिला, तापल्या माणसाचं कपाळ बघावं तसा.

"उद्या सांगतो रं," तो बाळूला म्हणाला.

घराकडे निघाल्यावर तो समोर बघतच म्हणाला, "खोललं तं आवाज बदलंल."

"बदलू दे."

"तुला झोप लागनार नाय."

आपली झोप त्याने इतकी जपून मनात ठेवली असेल, हे रंभाला आजवर कळलं नव्हतं.

घरात तिला झोप अशी कधी मिळालीच नाही. आधी सासूचं आजारपण, मग लेकीचं, निशाचं लहानपण, आणि पहाटे देवाला पाणी घातल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकायचं नाही हा नेम. सगळी झोप साचून यायची ती धक्क्यावरून निघालं की. गाडी घरघरू लागायची. त्या घरघरीत मधूनच एक ठोका चुकायचा, लंगड्या माणसाच्या पावलासारखा. त्या चुकल्या ठोक्यावर तिचे डोळे मिटायचे. मग रस्ता खाडी व्हायचा. ती पुन्हा एवढीशी होऊन बापाच्या होडीत जाळ्यांवर पडलेली असायची, फळ्यांखाली पाणी घरघरत असायचं, आणि लांब काठावर तिची आई, ठमाबाई, कमरेवर हात ठेवून उभी असायची. तोंड दिसायचं नाही, पण लुगड्याचा रंग ओळखीचा. होडी काठाला लागायची नाही कधी. लागायच्या आतच पनवेल यायचं. आई जाऊन किती वर्षं झाली, पण रंभाला ती गेल्यासारखी वाटतच नसे. पहाटेची भेट तर होतीच.

हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. देवाला तेवढं ठाऊक असावं.

त्या संध्याकाळी चंद्र उगवायची वाट बघत ती ओट्यावर बसली. उलव्याच्या बाजूने विमान उतरत होतं, खारफुटीवर त्याचा उजेड सरकत गेला. आत भिजवलेल्या तांदळाचा आंबूस वास सुटला होता. अनारशांचं पीठ करायला ते तांदूळ तीन दिवस भिजायला हवेत. एक दिवस कमी झाला तरी अनारसा फसतो. कोणाला कळणार नाही म्हणून तिने कधी दोन दिवसांवर भागवलं नव्हतं.

चंद्र दिसला. तिने अर्घ्य दिलं, नैवेद्य दाखवला. विठूच्या ताटात मोदक ठेवताना म्हणाली, "उद्या बाळूला सांगा, खोल म्हनावं."

विठूने तिच्याकडे पाहिलं. "बघ हां. मागं फिरता नाय येनार."

"येत नायच. जेवा."

इंजिन उतरलं, खोललं, नव्या रिंगा पडल्या. तेवढे दिवस दोघं मासळी घेऊन दुसऱ्याच्या टेम्पोतून आली-गेली. गाडी परत मिळाली तेव्हा बोटी बंद व्हायला एकच पहाट उरली होती.

करंजाहून ती शेवटची फेरी. टोपल्या लागल्या, बर्फ पडला, विठूने चावी फिरवली. गाडी अलगद सुरू झाली. घरघर नाही, चुकला ठोका नाही. नुसता एक गुळगुळीत सूर, परक्या घरातल्या पंख्यासारखा. रंभाने डोकं मागे टेकून डोळे मिटले. खाडी आली नाही. होडी आली नाही. काठ होता की नव्हता, तेही कळेना. तिने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं, मग आईला हाक मारली. पापण्यांमागे नुसता काळोख होता.

तिने डोळे किलकिले केले.

ट्रेलरच्या दिव्यांत रस्ता उजळत होता, विझत होता. एवढ्या वर्षांत तिने तो असा पाहिलाच नव्हता. मग पुढे गतिरोधक आला. विठूने कितीतरी आधी गाडी मंद केली, आणि दुखऱ्या खांद्याचा डावा हात स्टीअरिंगवरून काढून तिच्या कपाळापुढे धरला. स्पर्श न करता, नुसता आडवा. वाऱ्यात समईच्या ज्योतीपुढे धरतात तसा. धक्का बसून गेला, हात मागे गेला. पुढच्या गतिरोधकाला पुन्हा आला. ती सवय आजची नव्हती. हात कुठे थांबायचं ते शिकलेला होता.

मागचा ट्रेलर हॉर्न मारत होता. विठू घाई करत नव्हता.

उजाडत होतं. त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं, झोप लागली का ते बघायला. रंभाने वेळेत डोळे मिटून घेतले. श्वास लांब सोडला, मान थोडी कलती केली. पुढचा सगळा रस्ता तो हात येत राहिला, जात राहिला.

गाडी थांबली. बाहेर बाजाराचा गलका ऐकू आला.

"उठ गो," विठू हळूच म्हणाला, "पनवेल आलं."

रंभाने लगेच डोळे उघडले नाहीत. झोपेतून वर यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा तिने घेतला.