पाठमोरी

नॉर्वेतल्या स्टाव्हांगरच्या बंदरावर डबाबंद माशांचा एक कारखाना कधीचा बंद पडला होता. त्याच्या बिनखिडक्यांच्या भिंतीवर तिथे राबलेल्या बायकांचं चित्र काढायचं काम इंगविल्डला मिळालं. हाताशी होता १९५६ सालचा एक फोटो. सहा जणी बाकापाशी उभ्या. पाच कॅमेऱ्याकडे बघून हसतायत, सहावी पाठमोरी. इंगविल्डची नजर राहून राहून त्या पाठीवरच जायची. रडत होती का ही? की कुणापासून तोंड लपवत होती?

विचारत विचारत ती वृद्धाश्रमात तोरब्योर्गआजींकडे पोचली. त्या कारखान्यात कामाला होत्या एवढंच तिला कळलं होतं. सत्त्याऐंशीच्या आजींनी फोटो नाकाशी धरला.

"ही पाठमोरी कोण, आजी? आठवतेय?"

"न आठवायला काय झालं? मीच ती!"

"तुम्ही? मग तोंड का फिरवलंत?"

"मालकाला जाहिरातीसाठी फोटो हवा होता. मी म्हटलं, कामाला माझे हात ठेवलेत ना? मग तोंड माझ्यापाशीच राहू दे."

"चिडला नाही तो?"

"चिडला की! पण माझ्याएवढं झरझर सळईत मासे ओवणारं दुसरं होतं कोण?"

इंगविल्डने भीतभीत आपलं कच्चं चित्र पुढे केलं. आजी खदखदून हसल्या. "अगं, हे मासे आहेत की फुलांचे गुच्छ? कधी ओवलायस का मासा?"

"नाही."

"तरीच!"

आजींनी विणकामाची सुई उचलली, फळांच्या वाडग्यातली द्राक्षं पुढ्यात ओढली. "डोळ्यातून सुई अशी घालायची. धुरी द्यायला पुढे टांगतात ना, तेव्हा एकही सुटता कामा नये." सत्तर वर्षांचं अंतर त्या बोटांना ठाऊकच नव्हतं. अंगठा ढकलतोय तोवर करंगळीने पुढचं द्राक्ष जवळ ओढलेलं. इंगविल्डने कितीतरी वेळ ते हातच काढले.

"आता भिंतीवर तोंड काढू का तुमचं?" निघताना तिने विचारलं.

"सतराव्या वर्षी दाखवलं नाही, आता सुरकुत्या दाखवू? पाठच काढ."

ऑगस्टमध्ये भिंत पुरी झाली. मधोमध दोन मजले उंच पाठ, आणि कोपरांपासून बाजूला वळलेले, मासे ओवणारे ते हात. येणारेजाणारे थांबून विचारू लागले, कोण ही?

आजींना चाकाच्या खुर्चीतून आणलं. त्या बराच वेळ मान वर करून बघत राहिल्या.

"कंबर एवढी बारीक नव्हती माझी," त्या म्हणाल्या.

इंगविल्ड घाईघाईने शिडीकडे वळली.

"ए, राहू दे," आजी म्हणाल्या. "असू दे तशीच."